चार रंगांचा हिशेब

डॉस या जुन्या पीसी-प्रणालीवरच्या गेमची चित्रं समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरतात. काळा, आकाशी, किरमिजी, पांढरा, बस्स. खाली कुणीतरी हमखास लिहितं की तेव्हाच्या मॉनिटरला इतकेच रंग दाखवता येत. हे साफ चूक आहे. आयबीएमचं १९८१ चं सीजीए, म्हणजे संगणकातलं चित्र मॉनिटरकडे पाठवणारं कार्ड, सोळा रंग पाठवू शके. नुसती अक्षरं दाखवताना ते सगळे वापरताही येत.

अडचण होती मेमरीची. ३२० × २०० म्हणजे ६४,००० ठिपके. चारांपैकी एक रंग नोंदवायला दर ठिपक्यामागे २ बिट (बिट म्हणजे ० किंवा १) लागतात; ८ बिटांचा एक बाइट, म्हणजे एकूण १६,००० बाइट. कार्डावर होते १६,३८४. सोळा रंगांना याच्या दुप्पट जागा लागली असती.

१९८४ च्या ईजीए कार्डाने ६४ पैकी १६ रंग दिले. पण खरी कमाल १९८७ च्या व्हीजीए कार्डाची. तिथे त्याच ३२० × २०० ठिपक्यांत दर ठिपक्याला ८ बिट, म्हणजे ० ते २५५ पैकी एक आकडा मिळाला. हा आकडा म्हणजे रंग नव्हे! तो एका तक्त्यातल्या ओळीचा क्रमांक आहे. या तक्त्याला म्हणतात पॅलेट. प्रत्येक ओळीत लाल, हिरवा, निळा यांना ६-६ बिट, म्हणून निवड ६४ × ६४ × ६४ = २,६२,१४४ रंगांतून. कार्ड एकेका ठिपक्याचा आकडा वाचतं, ती ओळ काढतं, तिच्यातल्या तीन आकड्यांचे ० ते ०.७ व्होल्टचे तीन दाब बनवून तीन तारांवर सोडतं. संपूर्ण पडद्यासाठी हे सेकंदाला ७० वेळा.

आजच्या जाहिरातींतल्या ‘अब्जावधी रंगां’नी भुलू नये. फुल एचडी पडद्यावर ठिपकेच २०,७३,६००; एका क्षणी त्याहून जास्त रंग दिसणार कुठून? एका चित्राला थोडेच रंग लागतात, फक्त ते नेमके निवडावे लागतात. पॅलेट नेमकं तेच करू देतं.

आणि तक्ता बदलला की ठिपक्यांना हात न लावता चित्र बदलतं. धबधबा आठ छटांत रंगवायचा आणि त्या आठ ओळींतले रंग एकेक घर पुढे सरकवत राहायचे. पाणी वाहू लागतं! ६४,००० बाइट पुन्हा लिहिण्याऐवजी प्रोसेसर दर वेळी फक्त २४ बाइट पाठवतो.