पहिल्या भेटीला येण्याआधी तीन प्रसंग लिहून पाठवा

करिअर-समुपदेशनासाठी नाव नोंदवल्यावर आम्ही गुणसामर्थ्यांची, म्हणजे स्वभावातल्या जमेच्या बाजूंची, प्रश्नावली पाठवतो. ती भरून झाली की हमखास फोन येतो, "माझी जिज्ञासा पहिली आली, चिकाटी दुसरी. मग मी कुठली नोकरी बघू?" मानसशास्त्रज्ञ पीटरसन आणि सेलिग्मन यांनी २००४ मध्ये मांडलेल्या या २४ सामर्थ्यांवरून तुमची काम करण्याची तऱ्हा कळते. नोकरीचं नाव त्यातून निघत नाही. तळाला आलेलं सामर्थ्य म्हणजे दोष, असंही समजू नका.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो प्रसंगांपायी. आम्ही तुमच्या कामातले तीन प्रसंग मागतो आणि हाती येतं 'मेहनती', 'हिशेबात पक्की', 'सगळ्यांशी जुळवून घेणारा'. मग पहिली भेट खोदून विचारण्यातच संपते. त्यापेक्षा असं लिहा : "महिनाअखेरीचा हिशेब जुळत नव्हता. साहेब म्हणाले, उद्या बघू. मी एकेक बिल ताडून पाहत बसले, तेव्हा एक बिल दोनदा चढवलेलं सापडलं. खूप उशीर झाला, पण कंटाळा आला नाही." यातलं शेवटचं वाक्य आमच्या सर्वाधिक उपयोगाचं. जमणारी कामं पुष्कळ असतात. करताना कंटाळा न येणारी थोडीच, आणि शोध त्यांचा घ्यायचा असतो.

आमचं काम सकारात्मक मानसशास्त्रावर, म्हणजे माणसाच्या सामर्थ्यांच्या अभ्यासावर, आधारलेलं आहे. पण ते म्हणजे 'सगळं छान होईल' असं म्हणत राहणं नव्हे. नोकरी गेली असेल, बढती हुकली असेल, तर त्यावरही बोलू. पगार आणि घराचे हप्ते बाजूला ठेवून आम्ही सल्ला देत नाही.

दोन भेटींत आठवड्याचं अंतर का, असंही विचारतात. सेलिग्मन आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या अभ्यासात नुसती सामर्थ्यं ओळखणाऱ्यांचा फायदा लवकर ओसरला. आठवडाभर रोज ती नव्या तऱ्हेने वापरणाऱ्यांना तो सहा महिन्यांनंतरही जाणवत होता. म्हणून तो आठवडा तुमच्या सध्याच्याच कामात एखादा बदल करून बघण्यासाठी असतो. कामाची वाटणी बदलून भागतंय, नोकरी सोडायची गरज नाही, असं काहींच्या तेव्हाच लक्षात येतं. तसं असेल तर आम्ही पुढच्या भेटींचा आग्रह धरत नाही.

प्रसंग भेटीच्या दोन दिवस आधी पाठवा. शुद्धलेखनाची काळजी नको. हेच प्रसंग पुढे बायोडेटात आणि मुलाखतीत कसे मांडायचे, याची तयारी आम्ही करून घेतो. लिहून झाले नसतील तर तसं कळवा. जादा शुल्क न घेता भेट पुढे ढकलू.