जाळरेषा कुणाची वाट, कुणाची भिंत

डिसेंबर-जानेवारीत पाटणहून कोयनानगरकडे निघालं की डोंगरांच्या अंगावर काळे पट्टे दिसू लागतात. गवत कापायचं, वाळू द्यायचं आणि वारा पडलेला बघून ते जाळून टाकायचं. ही जाळरेषा. पुढे मार्च-एप्रिलमध्ये खालच्या पडीकातून वणवा चढत आला, तर या पट्ट्यापाशी त्याला खायला काही उरलेलं नसतं. वनरक्षक आणि वनमजूर उन्हातान्हात, बहुतेक वेळा हातानंच हे काम करतात. ते नसते तर आपले कितीतरी डोंगर दर उन्हाळ्यात पायथ्यापासून माथ्यापर्यंत काळे पडले असते.

पण जी रेषा आगीला अडवते, ती आणखी कुणाकुणाला अडवते?

गव्याला नाही. जळलेल्या पट्ट्यावर कोवळी पाती फुटली की तो तिथंच चरतो आणि तीच त्याची पायवाट होते. सांबरही रात्री बिनघोर ओलांडून जातं. पिसोरीचं तसं नाही. जेमतेम सशाएवढं, हरणासारखं दिसणारं हे जनावर झुडपांच्या आडोशावर जगतं, उघड्यावर आलं की कुणाचंही भक्ष्य होतं. आणि शेकरू तर जमिनीवर उतरायलाच नाखूश. त्याची वाट फांद्यांवरून जाते. त्याची उडी लांबात लांब ६ मीटरच्या आसपास. पट्टा काढताना वरची झाडंही गेली आणि फट त्याहून रुंद झाली, की पलीकडचं उंबराचं झाड त्याच्यासाठी असून नसल्यासारखं.

अभ्यासक याला अधिवासांची सलगता म्हणतात. ती मोजायला अमेरिकी शास्त्रज्ञ ब्रॅड मॅकरे यांनी विजेच्या मंडलाचा आधार घेतला. कोयनेच्या खोऱ्यात ही कल्पना समजायला सोपी आहे. जंगल म्हणजे तारांचं जाळं आणि प्राणी म्हणजे त्यातून वाहणारा प्रवाह. दाट झाडीत रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, कमी, उघड्यावर जास्त. वाटा अनेक असल्या तर प्रवाह वाटला जातो आणि एखादी तुटली तरी बाकीच्या चालू राहतात. एकच अरुंद गळा उरला असेल, तर सगळा भार त्याच्यावर येतो. मात्र हा रोध प्रत्येक प्राण्यासाठी वेगळा धरावा लागतो. गव्याचा नकाशा शेकरूला लावून चालत नाही.

हा पेच अमेरिकेच्या पश्चिम भागात फार मोठ्या प्रमाणावर आहे. तिथल्या कोरड्या पाइन जंगलांत पूर्वी थोड्या थोड्या वर्षांनी जमिनीलगतची हलकी आग फिरून जायची. विसाव्या शतकात प्रत्येक आग विझवण्याचं धोरण आलं आणि लहान झाडांची खालपासून वरपर्यंत गर्दी झाली. आता ठिणगी पडली की आग त्या गर्दीची शिडी करून थेट शेंड्यावर जाते. म्हणून लहान झाडं काढून जंगल विरळ करतात आणि पालापाचोळा आपणच बेतानं जाळतात.

त्याचा त्रास कुणाला? मार्टेन हा मांजराहून लहान, झाडांवर चढणारा शिकारी. कॅलिफोर्नियाच्या लासेन जंगलात मार्टेनांच्या गळ्यात पट्टे घालून त्यांचा माग काढला, तेव्हा त्यांची पसंती गुंतागुंतीच्या, पडझडीच्या दाट झाडीला दिसली. विरळ केलेल्या भागात वावर कमी होता आणि मोकळ्या जागा ते टाळत होते. म्हणून विरळणी सोडून द्यावी, असं मात्र नाही. २०१४ च्या किंग आगीत एल्डोराडो जंगलात ठिपकेवाल्या घुबडांच्या ज्या जागा तीव्रतेनं जळाल्या, तिथून घुबडं जवळजवळ नाहीशीच झाली. विरळणी वाट कठीण करते, मोठी आग घरच घेऊन जाते. त्यामुळे तिथला वाद आता विरळणी कुठं करायची आणि मध्ये दाट झाडीचे तुकडे कसे राखायचे, यावर येऊन थांबला आहे.

आपल्याकडे विरळणीचा उपाय जसाच्या तसा आणणं घातक ठरेल, असं माझं स्पष्ट मत आहे. सह्याद्रीतला वणवा बहुतेक गवताचा आणि पाचोळ्याचा असतो, शेंड्यांचा नव्हे. कोयनेच्या सदाहरित राईत सावलीच जमीन ओलसर ठेवते आणि आगीला आत येऊ देत नाही. तिथं झाडं कमी केली की ऊन खाली उतरतं आणि रानमोडी हे तण फोफावतं. उन्हाळ्यात तीच वाळून सरपण होते. आग रोखायला केलेली तोड पुढच्या आगीचं जळण तयार करते. म्हणून गवताळ माळावर जाळरेषा खुशाल रुंद असावी. झाडीत शिरली की मात्र फक्त जमीन साफ करावी, पाचोळा बाजूला ओढावा आणि वर फांद्यांना फांद्या भिडलेल्या राहू द्याव्यात. म्हणजे खाली आग थांबते आणि वर शेकरू जातं.

हे सगळ्यात जपायला हवं ते कोयना आणि चांदोली यांच्या मधल्या पट्ट्यात. कराड-चिपळूण रस्ता हेळवाकवरून कुंभार्ली घाटाकडे याच भागातून जातो. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाची ही दोन मोठी जंगलं इथंच एकमेकांना धरून आहेत. हा आपला अरुंद गळा. इथं आधीच रस्ता आहे, वस्ती आहे. त्यात एखादी जाळरेषा चुकीच्या जागी आली, तर तिचं नुकसान बाकी डोंगरातल्या दहा रेषांहून जास्त.

गळा पूर्ण बंद झाला की काय होतं, ते सागरेश्वरला दिसतं. उघड्या डोंगरावर धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उभं राहिलेलं हे १०.८७ चौरस किलोमीटरचं अभयारण्य. त्याच्याविषयी मला फार जिव्हाळा आहे. पण त्याला कुंपण आहे आणि भोवती शेती. तिथं वणवा लागला तर आतल्या सांबरानं पळायचं कुठं? अशा ठिकाणी जाळरेषेत एक दिवसाचीही कुचराई परवडत नाही.

आणि शिराळा, वाळवा, कराडकडचा बिबट्या? त्याला ऊसच जंगल. बारा महिने उभं पीक त्याचा आडोसा आणि त्याची वाट. तोडणी सुरू झाली की काही दिवसांत शेकडो एकर सलगता नाहीशी होते आणि फडात बछडी सापडतात. फड एका कडेकडून, एकाच दिशेनं तोडत गेलं तर मादीला पिल्लं तोंडात धरून निघून जायला एक बाजू मोकळी राहते. चारी बाजूंनी तोडत आत आलं, की ती मधल्या शेवटच्या सरीत अडकते.