पेरिगोरची पायवाट : समोरासमोरचे किल्ले, दगडी छपरं आणि अर्धेलीची शेतं

फ्रान्सच्या नैऋत्येला पेरिगोर नावाचा जुना प्रांत आहे. दोर्दोन्य नदी तिथून मोठमोठी वळणं घेत पश्चिमेला बोर्दोच्या दिशेने जाते. या नदीच्या एका लहानशा पट्ट्यात बेनाक, कास्तेलनो, मार्केसाक, ला रोक-गाजाक आणि दोम ही सगळी ठिकाणं एकमेकांना लागून आहेत. पायी निघालेल्या माणसाला एका दिवसात किल्ले, चर्च आणि जुनी शेतघरं असं सगळं वाटेत भेटतं. इतकं सगळं इथेच का एकवटलं आणि आज कोणालाही त्याच्या शेजारून चालत जाता येतं ते कशामुळे, याची कहाणी जवळपास नऊशे वर्षांची आहे.

सुरुवात एका लग्नापासून करावी लागते. ११५२ साली अ‍ॅक्विटेनची वारसदार एलेनॉर हिचं फ्रान्सचा राजा सातवा लुई याच्याशी झालेलं लग्न रद्द ठरलं. त्यानंतर दोनच महिन्यांत तिने हेन्री प्लँटाजेनेटशी लग्न केलं, आणि ११५४ मध्ये हाच हेन्री इंग्लंडचा राजा झाला. पेरिगोरवर अ‍ॅक्विटेनच्या ड्यूकची सत्ता चालायची. त्यामुळे इंग्लंडचा राजा इथल्या सरदारांचा धनी झाला आणि त्या धन्याच्या डोक्यावर पुन्हा फ्रान्सचा राजा होताच. तीनशे वर्षांच्या भांडणाची ही मुळं. सिंहहृदयी रिचर्ड याच घराण्यातला. त्याचा सेनानी मेर्कादिए काही काळ बेनाक ताब्यात ठेवून होता. रिचर्ड ११९९ मध्ये इथून उत्तरेला, लिमूझँमधल्या शालूच्या वेढ्यात बाण लागून मेला.

बेनाकचा किल्ला नदीच्या उत्तर काठावर, पाण्यापासून सुमारे दीडशे मीटर उंच कड्यावर आहे. समोर दक्षिण काठावर सेऊ नावाची छोटी नदी दोर्दोन्यला मिळते, त्या संगमावरच्या टेकडीवर कास्तेलनो. एका किल्ल्याच्या तटावरून दुसऱ्याचे बुरूज उघड्या डोळ्यांनी दिसतात. १२१४ मध्ये, चर्चने पाखंडी ठरवलेल्या काथार पंथीयांविरुद्धच्या धर्मयुद्धाचा सेनापती सिमाँ द माँफोर याने हे दोन्ही किल्ले घेतले. पुढे शंभर वर्षांच्या युद्धात (१३३७ ते १४५३) बेनाक फ्रान्सच्या बाजूला राहिलं आणि कास्तेलनो बराच काळ इंग्लंडच्या बाजूला. पण ‘इंग्रजांचा किल्ला’ म्हटल्यावर समुद्रापलीकडून आलेलं सैन्य डोळ्यांसमोर येत असेल, तर ते चित्र बाजूला ठेवावं. दोन्हीकडचे सरदार इथलेच होते, एकच बोली बोलणारे आणि एकाच खोऱ्यातल्या शेतांवर हक्क सांगणारे. दोन राजांच्या युद्धाच्या आडून शेजाऱ्यांची वैरं चालली होती आणि त्याची किंमत मधल्या शेतांनी मोजली. कास्तेलनो अखेर १४४२ मध्ये सातव्या चार्ल्सच्या सैन्याने घेतला. ११ वर्षांनी, १७ जुलै १४५३ रोजी, याच नदीच्या खालच्या अंगाला कास्तियाँच्या लढाईत इंग्रज सेनापती टालबट पडला आणि युद्ध संपलं.

त्याआधीच्या, तेराव्या शतकातल्या शांततेने या भागाला वेगळीच गावं दिली. त्यांना ‘बास्तीद’ म्हणतात. रिकाम्या जागेवर सरळ रेषेत गल्ल्या आखायच्या, मधोमध चौक आणि बाजार ठेवायचा, वस्तीला येणाऱ्यांना जागा आणि करात सवलत द्यायची. राजांच्या दृष्टीने ती सत्तेची मेख होती. इंग्लंडच्या राजाच्या नावाने १२७२ मध्ये बोमाँ वसलं आणि पुढच्या दशकात माँपाझिए. फ्रान्सच्या तिसऱ्या फिलिपने १२८१ मध्ये दोम वसवलं. दोम मात्र टेकडीच्या माथ्यावर असल्याने गल्ल्यांच्या चौकटीला जमिनीच्या चढउतारापुढे वाकावं लागलं आहे. तिथल्या मुख्य वेशीच्या जोडबुरुजांत टेम्पलर या लढवय्या संन्याशांच्या पंथातल्या, फ्रान्सच्या राजाने पकडलेल्या कैद्यांना १३०७ नंतर काही वर्षं कोंडलं होतं. त्यांचे मानले जाणारे क्रूस आणि आकृत्या आतल्या दगडांवर कोरलेल्या आहेत. तटबंदी इतकी भक्कम, तरी कॅथलिक आणि प्रोटेस्टंटांच्या यादवीत, १५८८ मध्ये, प्रोटेस्टंट सरदार जोफ्र्वा द व्हिव्हाँ रात्री मूठभर माणसांनिशी नदीकडचा कडा चढून गेला आणि त्याने गाव घेतलं. त्या बाजूने कोणी येणार नाही, म्हणून तिथे तटच बांधलेला नव्हता.

युद्ध संपल्यावर किल्ल्यांची गरजही बदलली. १४८९ मध्ये कास्तेलनोच्याच मालकांनी, कोमाँ घराण्याने, जवळच मिलांदचा वाडा बांधला. तिथे जंग्या नाहीत, मोठ्या खिडक्या आहेत. जोसेफिन बेकरने हाच वाडा १९४७ मध्ये विकत घेतला. अमेरिकेत वर्णद्वेष सोसलेल्या, दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच प्रतिकार चळवळीसाठी काम केलेल्या या गायिकेने वेगवेगळ्या देशांतली बारा मुलं दत्तक घेऊन इथे वाढवली. कर्जापायी १९६०च्या दशकाच्या शेवटी तिला वाडा सोडावा लागला. २०२१ मध्ये फ्रान्सने तिला पाँतेऑँमध्ये, म्हणजे देशातल्या थोरांच्या पॅरिसमधल्या स्मारकात, स्थान दिलं. सरदारांच्या पिढ्यान्‌पिढ्यांपेक्षा तिची वीस वर्षं मला या वाड्याच्या इतिहासात जास्त मोलाची वाटतात.

चर्च पाहताना आधी वर बघावं. पेरिगोरमधल्या जुन्या चर्चांची, आणि जुन्या घरांचीही, छपरं ‘लोझ’ नावाच्या चुनखडीच्या चपट्या दगडांची असतात. हे दगड शेत नांगरताना किंवा उथळ खाणीत सापडायचे. छपराला उतार तीव्र असतो, दगड एकावर एक आडवे रचत जातात आणि ते आपल्याच वजनाने बसतात. एका चौरस मीटरचं वजन अर्ध्या टनाच्या घरात जातं. म्हणून खाली ओक किंवा चेस्टनटच्या जाड तुळयांचा सांगाडा लागतो आणि त्याखाली तितक्याच जाड भिंती. बाराव्या शतकातली ही रोमानेस्क, म्हणजे जाड भिंती आणि गोल कमानींच्या, धाटणीची चर्च ठेंगणी आणि भरभक्कम दिसतात, त्यात या छपराचा वाटा मोठा आहे. शिवाय लढायांच्या काळात गावाला आसरा म्हणजे चर्चच. सेंत-आमाँ-द-कोलीच्या मठाचं चर्च तर समोरून थेट गढीसारखं उभं आहे.

कादुआँचा मठ यांत वेगळा. १११५ मध्ये स्थापन झालेल्या या मठात ख्रिस्ताच्या मस्तकावरचं म्हणून एक वस्त्र जपलं होतं. शेकडो वर्षं यात्रेकरू त्याच्या दर्शनाला येत, त्यांच्या दानावर मठ भरभराटला. स्पेनमधल्या सांतियागोच्या यात्रेला निघालेले लोकही इकडे वळत. १९३४ मध्ये अभ्यासकांनी त्या वस्त्राच्या किनारीवरची नक्षी वाचली. ती कुफी लिपीतली अरबी अक्षरं निघाली. त्यांत अल्लाहची स्तुती होती आणि अकराव्या शतकाच्या अखेरीस इजिप्तवर राज्य करणाऱ्या फातिमी खलिफाचं नाव. मठाची यात्रा तेव्हा थांबली. हे वस्त्र मात्र तिथेच आहे आणि माझ्या मते ते आता अधिक बोलकं आहे. इजिप्तच्या मागावर विणलेलं कापड फ्रान्सच्या एका खेड्यात आठशे वर्षं पूजलं गेलं, यातून त्या काळच्या जगाची जितकी ओळख होते तितकी कुठल्याही तटबंदीतून होत नाही.

आज गावचं जुनं चर्च गावच्या मालकीचं असतं. नोव्हेंबर १७८९ मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीच्या सरकारने धर्मसंस्थेची मालमत्ता राष्ट्राची ठरवली, त्यातल्या जमिनी आणि कित्येक मठ लिलावात गेले. पुढे १९०५च्या कायद्याने धर्म आणि राज्य वेगळे केले आणि तेव्हा उभी असलेली गावोगावची चर्च नगरपालिका-ग्रामसंस्थांच्या मालकीत राहिली. छपराचा एक कोपरा ढासळला तरी खर्चाचा प्रश्न महापौरांच्या टेबलावर येतो. शे-दीडशे वस्तीच्या गावाला लोझचं छप्पर नव्याने घालणं किती जड जात असेल, ते वरचं वजन पाहून कळेल.

शेतांचा इतिहास असा ठळक दिसत नाही, पण खरं म्हणजे हा सगळा डोलारा त्यांच्याच जिवावर उभा राहिला. १६३५ मध्ये फ्रान्स युरोपातल्या ‘तीस वर्षांच्या युद्धात’ उतरला आणि कर वाढले. १६३७ मध्ये पेरिगोरचे शेतकरी उठले. त्यांना ‘क्रोकाँ’ म्हणत. त्यांनी मे महिन्यात बेर्जेराक शहर घेतलं, पण १ जूनला ला सोव्हता इथे राजाच्या फौजेने त्यांची कत्तल केली. ब्युफारो नावाच्या त्यांच्या एका पुढाऱ्याला त्याच वर्षी माँपाझिएच्या चौकात हालहाल करून मारलं. आज त्याच चौकाच्या कमानींखाली आठवडी बाजार भरतो.

क्रांतीनंतर सरंजामी हक्क गेले, पण जमीन सगळ्यांना मिळाली नाही. इथली बरीच शेती ‘मेतेयाज’ पद्धतीने, म्हणजे अर्धेलीने चालायची. मालकाची जमीन, कुळाचे कष्ट आणि पीक निम्मं निम्मं. १९४६च्या कायद्याने मालकाचा वाटा एक तृतीयांशावर आणला, तोपर्यंत अर्धेलीचं कुटुंब मालकाने काढलं की बिऱ्हाड उचलून दुसऱ्या शेतावर जायचं. शेतघरं पाहताना हे लक्षात ठेवलं की त्यांची मांडणी उलगडते. कबुतरखान्याचा मनोरा हे त्यातलं हमखास दिसणारं बांधकाम. फ्रान्सच्या बऱ्याच भागांत कबुतरं पाळणं हा सरदारांचा हक्क होता. त्यांची कबुतरं पेरलेलं धान्य टिपायची आणि शेतकऱ्याला ती मारायचीही सोय नव्हती. ऑगस्ट १७८९च्या ठरावांत हा हक्क नाव घेऊन रद्द केला आहे, इतका त्याचा राग होता. नैऋत्येत निर्बंध आधीपासूनच सैल होते, म्हणून इथे साध्या शेतांवरही असे मनोरे दिसतात. मांसापेक्षा कबुतरांची विष्ठा मोलाची, कारण द्राक्षमळ्याला तिच्यासारखं खत नव्हतं.

द्राक्षमळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा किडीने उद्ध्वस्त केले. नदीवरची वाहतूकही त्याच सुमारास, रेल्वे आल्यावर, आटली. तोवर वरच्या जंगलांतलं ओक आणि चेस्टनटचं लाकूड ‘गाबार’ नावाच्या सपाट तळाच्या होड्यांतून बोर्दोकडे जायचं, दारूच्या पिंपांसाठी. त्यातल्या कित्येक होड्या मुक्कामी पोचल्यावर मोडून लाकूड म्हणून विकल्या जात. वेली गेल्यावर शेतकरी तंबाखू आणि अक्रोडाकडे वळले. वाटेवर काळपट फळ्यांची, खिडक्या नसलेली उंच गोदामं दिसतात ती तंबाखू वाळवण्याची. भिंतीतल्या उभ्या फळ्या हवा-पाणी पाहून उघडायच्या किंवा बंद करायच्या आणि आत छपरापर्यंत पानं टांगलेली. तंबाखू सरकारी मक्तेदारीचं पीक असल्याने झाडांचीसुद्धा मोजणी व्हायची. आता ही लागवड जवळपास संपली आहे. काही गोदामांत ट्रॅक्टर उभे आहेत, काहींची पाहुण्यांसाठी घरं झाली. अक्रोड टिकला, आणि ‘पेरिगोरचा अक्रोड’ या नावाला २००२ पासून कायदेशीर संरक्षण आहे.

किल्ले टिकले त्यात नशिबाचा भाग मोठा. कास्तेलनो क्रांतीच्या काळात ओस पडला आणि एकोणिसाव्या शतकात लोकांनी त्याचे दगड खुशाल उचलून नेले. १९६६ मध्ये त्याला ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला, डागडुजी झाली आणि १९८५ मध्ये तिथे मध्ययुगीन युद्धकलेचं संग्रहालय उघडलं. बेनाकची दुरुस्ती १९६१ पासून एका खाजगी मालकाने हाती घेतली. यामागे १९१३चा वारसा कायदा आहे, आणि वास्तूच्या भोवती ५०० मीटरच्या टप्प्यातल्या बांधकामावर लक्ष ठेवणारा १९४३चा कायदाही. तरीही वाद थांबत नाहीत. कडा आणि नदी यांच्यात चेपलेल्या बेनाक गावात उन्हाळ्यात वाहनं तुंबतात, म्हणून गावाला वळसा घालणारा रस्ता आणि त्यासाठी नदीवर पूल बांधायला घेतले. विरोधक कोर्टात गेले. डिसेंबर २०१८ मध्ये देशाच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने काम थांबवलं आणि २०१९ मध्ये बोर्दोच्या न्यायालयाने परवानगी रद्द करून झालेलं बांधकाम पाडायला सांगितलं. तोवर पुलाचे खांब नदीत उभे राहिले होते. गावकऱ्यांची अडचण खोटी नव्हती. पण या वळणावर नवे पूल नकोत, हा निकाल मला योग्यच वाटतो.

राहिली ती वाट. या पायवाटा फिरणाऱ्यांसाठी आखलेल्या नव्हत्या. शेतातून गिरणीकडे, वस्तीवरून चर्चकडे, गावातून बास्तीदच्या बाजाराकडे जाणाऱ्या या पाणंदी. दोन्ही बाजूंना कोरड्या दगडांचे गडगे, मधे बैलगाडीच्या चाकांनी खोल गेलेली जमीन. पहिल्या महायुद्धानंतर खेडी रिकामी होत गेली. नंतर शेतजमिनींच्या एकत्रीकरणात, १९४१चा कायदा झाल्यापासून पुढची तीन-चार दशकं, देशभर हजारो पाणंदी आणि कुंपणं नांगराखाली गेली. १९४७ मध्ये लांब पल्ल्याच्या पायवाटांसाठी राष्ट्रीय समिती स्थापन झाली आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांची खूण रूढ झाली. लेझेझीहून ला रोक-गाजाक आणि दोमवरून रोकामादूरकडे जाणारी जीआर ६४ (‘जीआर’ म्हणजे लांब पल्ल्याची पायवाट) ही त्याच जाळ्यातली. पट्टे रंगवायचं आणि झुडपं तोडायचं काम आजही मुख्यतः स्वयंसेवक करतात.

कायद्याच्या नजरेत ही पाणंद किल्ल्यापेक्षा कितीतरी दुबळी आहे. ती गावच्या मालकीची, पण वापरातून गेली असं ठरलं की गाव ती विकू शकतं, आणि शेजारच्या शेतकऱ्याने तीस वर्षं आपल्या शेतात धरून वहिवाटली तर तो तिच्यावर हक्क सांगू शकतो. १९८३च्या कायद्याने जिल्ह्यांना पायवाटांची यादी करायला लावलं. यादीत आलेली वाट पर्यायी मार्ग दिल्याशिवाय मोडता येत नाही. यादीबाहेरच्या पाणंदीला आधार एकच. लोक तिथून ये-जा करतात एवढं दिसलं, की ती सार्वजनिक वापराची आहे असं कायदा धरून चालतो.