मे महिना, मुंब्र्याचा कडा आणि घामट हात

मे महिन्यात मुंब्र्याला क्लायंबिंगला चाललोय म्हटलं की घरचे वेड्यात काढतात, आणि खरं सांगायचं तर त्यांचं फार काही चुकत नाही. पण ठाण्यातून स्लो लोकल पकडली की कळवा गेलं आणि लगेच मुंब्रा, एवढ्या जवळ कातळ असल्यावर घरी बसवत नाही. फक्त एक आहे, उन्हाळ्यात कोणता रूट किती वाजता करायचा हे ज्याला कळतं त्याच्याबरोबरच जावं. आमचा दादा (लीड म्हणजे सगळ्यांत आधी वर चढणं तोच करतो, वरून रोप लावून आम्हाला बिले, म्हणजे पडलो तर धरायला रोपचा आधार, पण तोच देतो) आदल्या रात्रीच सांगून ठेवतो की सकाळी ही भिंत, ९ नंतर ती. नवीन पोरांना वाटतं हा उगाच शिस्त लावतोय, पण यात चक्क खगोलशास्त्र आहे.

सगळ्यांना वाटतं दुपारी साडेबाराला कडा सगळ्यात जास्त तापत असणार. तर नाही. ठाण्यात १६ मेच्या आसपास शून्य सावली दिवस असतो, म्हणजे दुपारी साडेबाराच्या पुढेमागे सूर्य बरोब्बर डोक्यावर. सपाट जमिनीवर तेव्हा ऊन सरळ आदळतं, पण उभ्या भिंतीला ते नुसतं घासून खाली जातं. भाजतं ते आपलं टाळकं. उभी भिंत खरी तापते सूर्य तिरका असताना, त्यामुळे पूर्वेकडे तोंड असलेली सकाळी ८-९ वाजताच तापायला लागते आणि पश्चिमेची दुपारी ४ च्या सुमारास. आणि उत्तरेची भिंत म्हणजे हमखास सावली, हे युरोपातलं गणित मेच्या शेवटी इथे चालत नाही कारण तेव्हा भरदुपारी सूर्य आपल्या किंचित उत्तरेला असतो. (मग जूनमध्ये पाऊस येतो आणि प्रश्नच मिटतो.)

बरं, सावली आली म्हणजे दगड गार झाला असंही नाही. आपला बेसॉल्ट काळपट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, बहुतेक ऊन पिऊन टाकणारा. दिवसभराची उष्णता त्यात साधारण १५ सेंटीमीटर आत मुरते आणि मग संध्याकाळभर हळूहळू बाहेर येत राहते, म्हणून सूर्य पलीकडे गेल्यावरही होल्डला (पकडायच्या खाचेला किंवा कडेला) हात लावला की चटका बसतो.

आता हातांचं बघू. तळहाताला घामाच्या ग्रंथी खच्चून भरलेल्या असतात आणि त्या नुसत्या उकाड्याने नाही तर भीतीनेही सुटतात, म्हणजे फाटली की हात ओले, हात ओले की अजून फाटते. त्यात आपल्याकडे खाडीची दमट हवा. नाशिकला ४० डिग्रीत घाम वाळतो तरी, ठाण्यात ३४ ला तो अंगावर नुसता बसून राहतो. गंमत म्हणजे अगदी कोरडी त्वचासुद्धा पकड कमी देते, किंचित ओलसर असली तर जास्त, आणि ओलीचिंब झाली की पुन्हा कमी. चॉक म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट, ते हा जास्तीचा घाम शोषतं. जिम्नॅस्टिक्समधली ही पावडर १९५० च्या दशकात जॉन गिल नावाच्या अमेरिकन क्लायंबरने कातळावर आणली. पण चॉकने पकड किती वाढते यावर प्रयोगांचे निकाल उलटसुलट आहेत, पावडरचा जाड थर बसला की तोच घसरायला लागतो, त्यामुळे प्रत्येक मूव्हला बॅगेत हात घालणाऱ्यांना दादा ओरडतो ते बरोबरच आहे. थोडं लावा, फुंकर मारा आणि वर सरका.

पायाखाली वेगळाच खेळ. घर्षणाचा गुणांक १ असेल तर ४५ अंशांच्या उतारावर पाय घसरत नाही, आणि क्लायंबिंग शूजचं रबर चांगल्या खरखरीत कातळावर १ च्याही वर जाऊ शकतं. कारण रबर दगडाच्या बारीक खाचांमध्ये दबून बसतं. पण तापल्यावर ते मऊ पडतं, मग बोटभर कडेवर उभं राहिलं की शूजची धार मुडपते. स्लॅबवर (कमी उभ्या, तिरक्या कातळावर) एकवेळ चालून जातं, छोट्या होल्डवर अजिबात नाही.

आणि उतरताना रॅपलिंग, म्हणजे रोपवरून सरकत खाली येणं, ज्यात सगळ्यांना हिरो व्हायचं असतं. ६० किलोचा माणूस ३० मीटर खाली आला की जवळपास १७,६०० ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी, ती रोप आणि फिगर ऑफ एटमध्ये (रोप ज्यातून ओवून वेग आवरतात ती 8 च्या आकाराची धातूची कडी) उष्णता बनून जाते. तो अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा शंभरेक ग्रॅमचा. समजा यातली तिसरा हिस्सा उष्णता जरी त्याच्यात राहिली तरी तो ६०-६५ डिग्रीने तापेल, आणि मेमध्ये उन्हात लटकून तो आधीच गरम असतो. रोपचं नायलॉन २२० डिग्रीला वितळतं म्हणजे तेवढं अंतर आहे, पण सुसाट उतरून मध्येच थांबलात तर तापलेला धातू रोपच्या एकाच जागी टेकून राहतो आणि वरचं आवरण चकाकत कडक होऊ शकतं. म्हणून दादाचा नियम असा की हळू या, अधेमधे सेल्फीसाठी थांबू नका, आणि खाली पोचलात की एट आधी रोपमधून काढा, पाणी नंतर. काढताना उघड्या बोटांनी नाही, ग्लोव्हज घालून.