गठळीभोवतीची गर्दी

अल्झायमर झालेल्या मेंदूचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, की अमायलॉइड प्रथिनाच्या गठळ्या दिसतात आणि त्यांना बिलगलेल्या फांद्याळ पेशीही. या मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशी. स्पॅनिश शास्त्रज्ञ पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये त्यांची वेगळी ओळख पटवली. पण आग लागल्यावर जमलेले हे बघे आहेत, की आगीशी त्यांचाही संबंध आहे? मृत मेंदूच्या छेदात आधी काय घडलं नि नंतर काय, हे कळायला मार्ग नसतो.

उत्तराची वाट दाखवली ती जनुकांनी. ट्रेम-२ या जनुकातला एक विरळा बदल अल्झायमरचा धोका सुमारे तिपटीने वाढवतो, असं २०१३ मध्ये दोन संशोधक गटांनी दाखवून दिलं. मेंदूत हे जनुक प्रामुख्याने मायक्रोग्लियातच काम करतं. जनुक जन्मापासून सोबत असतं, आजार मात्र उतारवयात येतो. तेव्हा या पेशी नुसत्या बघ्या नव्हेत, हे मला या साऱ्या संशोधनातलं सर्वांत मोलाचं पाऊल वाटतं.

पुढची गोष्ट आणखी विलक्षण आहे. अल्झायमरसारखा आजार घडवलेल्या ज्या उंदरांमधून ट्रेम-२ काढून टाकलं, त्यांच्यात मायक्रोग्लिया गठळीभोवती जमेनातच. गठळ्या सैल, पसरट राहिल्या आणि शेजारच्या चेतातंतूंची जास्त हानी झाली. ज्या गर्दीकडे संशयाने पाहिलं जात होतं, ती खरं तर कुंपण घालत होती!

म्हणून त्या निर्दोष ठरतात का? नाही. मेंदूची वाढ होताना मायक्रोग्लिया चेतापेशींमधले जादा जोड खुडून टाकतात. कोणते खुडायचे, याची खूण ‘कॉम्प्लिमेंट’ नावाची प्रथिनं करतात. अल्झायमरसारखा आजार घडवलेल्या उंदरांत गठळ्या दिसण्याआधीच ही जुनी खूण पुन्हा उमटते आणि चांगले जोडही खुडले जातात, असं २०१६ मध्ये आढळलं. ती खूणच अडवली, तेव्हा जोड वाचले.

सूज कमी करणाऱ्या, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींना आवर घालणाऱ्या नेहमीच्या गोळ्यांनी अल्झायमर टळेल, ही आशा मोठ्या चाचण्यांत फोल ठरली. मला त्याचं नवल वाटत नाही. कुंपण घालणं आणि खुडणं ही दोन्ही कामं त्याच पेशींची असताना सरसकट लगाम घालून कसं चालेल? लेकानेमॅबसारखी अल्झायमरवरची नवी प्रतिपिंडं (औषध म्हणून दिली जाणारी रोगप्रतिकारक प्रथिनं) उलट वाटेने जातात. ती अमायलॉइडला चिकटतात आणि मायक्रोग्लियाला ते गिळायला लावतात.