जुन्या पिकअपचं चाक जमिनीला नेमकं कुठे टेकतं?

जुना पिकअप ट्रक पुन्हा उभा करायला घेतला की पहिली खरेदी बहुतेक वेळा चाकांची होते. साहजिकच आहे. इंजिन बॉनेटखाली असतं, चासी बॉडीखाली दडलेली असते, चाकं मात्र येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसतात. रुंद, चकचकीत रिम लावली की गंजलेला सांगाडाही गाडीसारखा दिसायला लागतो. तरीही चाकं सगळ्यात शेवटी घ्यावीत, असं माझं ठाम मत आहे. चाक हा पुढच्या सस्पेन्शनचाच एक भाग आहे, आणि टायर जमिनीला कुठे टेकतो यावर स्टिअरिंगचं बरंचसं वागणं ठरतं.

शेवरोलेची १९४७ सालची नवी मालिका, फोर्डची १९४८ ची एफ-१ किंवा १९५३ ची एफ-१०० घ्या. पुढची रचना सगळीकडे जवळपास सारखीच. इंग्रजी ‘आय’ अक्षरासारखा छेद असलेला एक सलग पोलादी अ‍ॅक्सल, वजन पेलायला दोन बाजूंना पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, आणि अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांना एकेक किंगपिन. किंगपिन म्हणजे चाकाची बिजागरी. स्टिअरिंग फिरवलं की चाक तिच्याभोवती वळतं. ही बिजागरी सरळ उभी नसते. तिचं वरचं टोक थोडं गाडीच्या आतल्या बाजूला झुकलेलं असतं. तिच्या मधून जाणारी रेषा खाली जमिनीपर्यंत वाढवली, तर ती जमिनीला एका बिंदूत भेटते. त्या बिंदूपासून टायरच्या मध्यापर्यंत जे अंतर उरतं त्याला ‘स्क्रब रेडियस’ म्हणतात.

दार बिजागरीजवळ ढकलून पाहा, हलता हलत नाही. कडेला बोट लावलं तरी फिरतं. स्क्रब रेडियसचं काम असंच चालतं. रस्त्याचा किंवा ब्रेकचा जोर टायरच्या मध्यावर लागतो. हे अंतर जितकं जास्त, तितका तो जोर चाकाला वळवू पाहतो. दोन्ही चाकांवर सारखाच जोर असेल तर परिणाम एकमेकांना खोडून काढतात. पण या ट्रकांना पुढे ड्रम ब्रेक असतात, आणि डावा-उजवा ड्रम अगदी सारखा पकडेल याची खात्री नसते. समजा दोन्हींत ५०० न्यूटनचा फरक पडला. अंतर ५ सेंटिमीटर असेल तर स्टिअरिंग २५ न्यूटन-मीटरने एका बाजूला ओढलं जाईल. अंतर १० सेंटिमीटर झालं की ५० न्यूटन-मीटरने. ब्रेक तेच, ड्रायव्हर तोच, फक्त चाक बाहेर सरकलं.

ते बाहेर कसं सरकतं? रिमचं जे माप सांगतात ते टायर बसतो त्या दोन कडांमधलं असतं. बाहेरच्या काठापासून काठापर्यंत मोजलं तर साधारण १ इंच जास्त भरतं. हब म्हणजे चाक ज्यावर बोल्टने बसतं तो मधला भाग. त्याला टेकणाऱ्या पृष्ठभागापासून रिमच्या आतल्या काठापर्यंतचं अंतर म्हणजे बॅकस्पेसिंग. समजा, मूळ रिम ५ इंच रुंद आहे आणि बॅकस्पेसिंग ४ इंच. काठापासून काठापर्यंत ६ इंच, म्हणजे रिमचा मध्य आतल्या काठापासून ३ इंचांवर. हबला टेकणारा भाग त्याच्या १ इंच बाहेर. आता ८ इंची रिम आणली, बॅकस्पेसिंग तेच ४ इंच. काठापासून काठ ९ इंच, मध्य साडेचार इंचांवर. आता मध्य टेकणाऱ्या भागाच्या अर्धा इंच बाहेर गेला. एकूण दीड इंच, म्हणजे जवळजवळ ३८ मिलिमीटर. बॅकस्पेसिंग तेच ठेवूनही टायरचा मध्य एवढा सरकला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. टायरची उंची बदलल्यानेही स्क्रब रेडियस बदलतो, पण किंगपिन ८ अंश कललेली धरली तर टायरच्या त्रिज्येत १ इंचाचा फरक पडूनही तो बदल जेमतेम साडेतीन मिलिमीटरचा असतो. खरा घोळ रुंदी आणि बॅकस्पेसिंगचा आहे.

शिवाय चाक बाहेर गेलं की हबच्या बेअरिंगवरचा तरफेचा भारही वाढतो. सत्तर वर्षं जुन्या बेअरिंगला ही शिक्षा देण्याआधी विचार करावा.

स्क्रबच्या जोडीला दुसरा कोन येतो कॅस्टरचा. बाजूने पाहिलं तर किंगपिनचं वरचं टोक थोडं मागे झुकलेलं असतं. त्यामुळे तिची रेषा टायरच्या टेकण्याच्या जागेच्या पुढे जमिनीला भेटते, आणि टायर तिच्यामागे ओढला जातो, ट्रॉलीची फिरती चाकं जातात तसा. स्टिअरिंग सोडलं की सरळ होतं ते बरंचसं याच्यामुळे. आता फक्त पुढची बाजू खाली बसवायची फॅशन पाहा. १९५३ च्या एफ-१०० च्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ११० इंच आहे. पुढचा भाग ४ इंच खाली गेला तर अख्खी चासी जवळजवळ २ अंशांनी पुढे झुकते, आणि पाट्यांना आवळलेला अ‍ॅक्सलही तिच्याबरोबर. अशा ट्रकांना कॅस्टर मुळातच थोड्या अंशांचा असतो, त्यातले दोन गेले तर गाडी सरळ रस्त्यावरही इकडेतिकडे भटकायला लागते. उपाय सोपा आणि स्वस्त आहे. पाटा आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये पाचरीसारखी उतरती पट्टी घालतात. अ‍ॅक्सल पाट्याच्या खाली असेल तर पट्टीची जाड बाजू मागे ठेवायची.

या जुन्या अ‍ॅक्सलबद्दलची सगळ्यात सुंदर गोष्ट मात्र भोवऱ्याची आहे, आणि तिच्यासाठी जरा थांबायलाच हवं. फिरणारा भोवरा कलवायचा प्रयत्न केला तर तो कलण्याऐवजी आडवा वळतो. गाडीचं चाकही तसंच. ताशी ८० किलोमीटर वेगात ३५ सेंटिमीटर त्रिज्येचं चाक सेकंदाला सुमारे १० फेरे मारतं. सलग अ‍ॅक्सलचं एक चाक उंचवट्यावर चढलं की अख्खा अ‍ॅक्सल तिरका होतो, दोन्ही चाकं कलतात, आणि दोन्ही किंगपिनभोवती वळू पाहतात. ५ सेंटिमीटरचा उंचवटा सेकंदाच्या तीन शतांश भागात चढला तर चाकाच्या वजनानुसार वळवणारा जोर प्रत्येक चाकाला शंभर न्यूटन-मीटरच्या आसपास जाऊ शकतो. वळलेलं चाक पुन्हा अ‍ॅक्सलला तिरकं करतं, आणि हे चक्र जुळून आलं की स्टिअरिंग हातात थडथडायला लागतं. जनरल मोटर्समध्ये १९३० च्या दशकात मॉरिस ऑली हे इंजिनिअर याच प्रश्नांवर काम करत होते. पुढचे पाटे मऊ केले तर गाडी आरामशीर होते, पण सलग अ‍ॅक्सलवर हे थडथडणं वाढतं. त्यातूनच १९३४ च्या जनरल मोटर्सच्या मोटारींना पुढे स्वतंत्र सस्पेन्शन मिळालं, एक चाक उचललं तरी दुसऱ्याला कळणार नाही असं. पिकअपला ते उशिरा मिळालं. शेवरोलेने १९६० मध्ये टॉर्शन बार, म्हणजे पिळली जाऊन स्प्रिंगचं काम करणारी दांडी, आणि १९६३ मध्ये कॉइल स्प्रिंग दिली. फोर्डने १९६५ मध्ये दोन स्वतंत्र ‘आय’ बीमची रचना आणली.

म्हणून थडथडाट सुरू झाला की लगेच अख्खा पुढचा भाग कापून टाकायची घाई करू नये. भोवऱ्याचा जोर किंगपिन, ती ज्यांत फिरते ते बुश, आणि ड्रॅग लिंक व टाय रॉड या स्टिअरिंगच्या दांड्या यांच्यावरच येतो. ते घट्ट असतील आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर जिवंत असतील तर जोर तिथल्या तिथे जिरतो. झिजले असतील तर प्रत्येक सैल जागा त्याला झोका देते. पुढचं चाक जॅकवर उचला, वर-खाली धरून हलवा, आणि दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले, म्हणजे चाकाचा सैलपणा, गेला तर दोष बेअरिंगचा. राहिला तर किंगपिनचा. जड चाक आणि जड टायर म्हणजे मोठा भोवरा, हेही चाकं निवडताना आठवावं.

स्वतंत्र सस्पेन्शनचा तयार क्रॉसमेंबर, म्हणजे चासीच्या दोन बाजू जोडणारा आडवा भाग, वेल्ड करून बसवणं हा दुसरा मार्ग. यातले बरेच संच १९७४ च्या फोर्ड मस्टँग-२ च्या रचनेवर बेतलेले आहेत. ती मूळची छोट्या मोटारीची रचना, त्यामुळे आपल्या ट्रकचं इंजिनसकट पुढचं वजन तिला झेपतं का, हे आधी पाहावं. जुन्या चासीच्या बाजूच्या लांब तुळया उघड्या पन्हाळीसारख्या असतात आणि पिळाला कमजोर असतात. क्रॉसमेंबर बसवायच्या जागी त्या पट्टीने बंद कराव्या लागतात. वेल्डिंग अर्ध्या अंशाने चुकलं तरी ते नंतर अलाइनमेंटमध्ये भरून काढताना नाकी नऊ येतात.

कॉइल स्प्रिंग कापून गाडी खाली बसवणाऱ्यांसाठी एक हिशेब. स्प्रिंगचे आठ वेढे असतील आणि एक कापला, तर उरलेली स्प्रिंग आठास सात या प्रमाणात, म्हणजे सुमारे १४ टक्के कडक होते. तारेची लांबी कमी झाली, प्रत्येक वेढ्याला जास्त पिळावं लागतं. फोर्डच्या दोन बीमच्या रचनेत तर खाली बसवल्यावर चाकाचं वरचं टोक आत झुकतं आणि टायरची आतली कड झिजते.

मग चाकं. चाकाच्या बोल्टच्या भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास आधी मोजा. अर्ध्या टनाच्या शेवरोलेला १९७० पर्यंत साडेपाच इंचांवर सहा स्टड, म्हणजे चाक धरणारे बोल्ट, होते, १९७१ पासून ५ इंचांवर पाच. एफ-१०० ला साडेपाच इंचांवर पाच. पाच भोकांत समोरासमोर भोक नसतं, म्हणून शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर मोजून १.७०१ ने गुणावं. डिस्क ब्रेक घालणार असाल तर ते आधी बसवा, कारण बरेच संच हबचं तोंड बाहेर ढकलतात आणि मग वरचं सगळं गणित बदलतं. रिव्हेट मारलेल्या जुन्या रिममधून हवा निसटते, त्यात ट्यूब घालावी. दोन तुकड्यांची, कडी निघणारी रिम असेल तर तिला घरी हातच लावू नये. हवा भरताना कडी सुटली तर माणूस जातो. टायरवरचा शेवटचा चार आकडी मजकूर आठवडा आणि साल सांगतो. खोबणी खोल दिसते म्हणून दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा टायर घेऊ नये.

पैसे देण्याआधी स्प्रिंग सोडवून अ‍ॅक्सल जॅकने पूर्ण वर न्या, स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवा, आणि टायर, मडगार्ड आणि चासी यांच्यात किती जागा उरते ते पुठ्ठ्याच्या तुकड्यांनी मोजा. त्या मापांवरून बॅकस्पेसिंग सांगा. चाकं बसल्यावर नट ओळीने नाही, तर एका बाजूचा आणि मग पलीकडचा अशा क्रमाने आवळा, आणि पहिल्या ऐंशी-शंभर किलोमीटरनंतर टॉर्क रेंच घेऊन पुन्हा एकदा तपासा.