डायलिसिस सुरू होतानाचे रक्ताचे रिपोर्ट आणि पेशंटचं आयुष्य

डायलिसिस सुरू होते त्या वेळच्या रक्ततपासणीतले काही आकडे पेशंट पुढं किती तग धरेल याचा अंदाज देतात, डॉक्टर त्यांना मार्कर म्हणतात. मराठवाड्यात मात्र संभाजीनगरची घाटी असो नाहीतर लातूर, नांदेड, अंबाजोगाईचं सरकारी दवाखानं, भेटायला आलेला पाहुणा एकच विचारतो, "क्रिएटिनिन किती हाय?" म्हणजे किडनीनं गाळून बाहेर टाकायचा कचरा रक्तात किती साठलाय. आठचं पाचवर आलं म्हणलं की घरच्यांच्या जीवात जीव येतो. पण मशीनवर बसल्यावर क्रिएटिनिन उतरतंच आणि दोन दिवसांत परत चढतं, त्यावरनं पुढचं काही कळत नाही. खरा बघायचा आकडा म्हणजे अल्ब्युमिन.

अल्ब्युमिन हे लिव्हरमध्ये तयार होणारं प्रोटीन, साधारण ३.५ ते ५ ग्रॅम प्रति डेसिलिटर असायला पाहिजे. १९९० साली अमेरिकेत १२ हजारांहून जास्त डायलिसिस पेशंटचे रिपोर्ट तपासले तेव्हा दिसलं की हे जसं चारच्या खाली जातं तसा मृत्यूचा धोका वाढत जातो, आणि नंतरच्या कितीतरी अभ्यासांत हेच पुन्हा दिसलं. कमी होण्याचं एक कारण म्हणजे पोटात अन्न नाही. दुसरं अंगातला आतला दाह, म्हणजे इन्फ्लमेशन, अशा वेळी लिव्हर अल्ब्युमिन कमी करतं आणि सीआरपी (दाह दाखवणारं दुसरं प्रोटीन) जास्त बनवतं, म्हणून हे दोन रिपोर्ट शेजारी ठेवूनच वाचावेत. फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला हातातल्या रक्तवाहिन्या ऑपरेशननं जोडून केलेली जागा, तयार व्हायला दीड-दोन महिने लागतात, पेशंट दम लागल्यावर रात्री-बेरात्री पोचला तर मानेतून कॅथेटर (नळी) टाकावं लागतं, त्यात इन्फेक्शन झालं की सीआरपी चढतं अन् अल्ब्युमिन पडतं. शिवाय एप्रिल-मेच्या उन्हात तहान आवरत नाही, अंगात पाणी साठलं तर त्यानंही ते पातळ होऊन कमी दिसतं.

आता पथ्याचं, आणि इथंच आपल्याकडं सगळ्यात जास्त घोळ होतो. किडनी कमी चालतीय तोवर डॉक्टर प्रोटीन बेतानं खा म्हणतात, ते घरात इतकं पक्कं बसतं की डायलिसिस सुरू झाल्यावरही माणसाला नुसता भात नाहीतर भाकरी अन् पातळ पाणी वाढतात. ज्या लातूरची तूरडाळ देशभर जाते तिथला माणूस वरण सोडून बसतो! डायलिसिसमध्ये प्रोटीन वाहून जातं, म्हणून वजनाच्या किलोमागं रोज १ ते १.२ ग्रॅम लागतं. अंड्याचा पांढरा भाग सगळ्यात सोयीचा, कारण त्यात फॉस्फरस कमी, माळकरी घरात दही, पनीर, मोजून डाळ, हे आहारतज्ज्ञाला विचारून ठरवावं.

क्रिएटिनिनची अजून एक उलटी गोष्ट आहे. ते स्नायूंतून येतं, म्हणून कायमचं डायलिसिस चालू असलेल्यात ते फार कमी असणं हे बऱ्याचदा अंग झडल्याचं लक्षण असतं, आणि अशांचं आयुष्य कमी निघतं. कोलेस्टेरॉलचंही तसंच, कमी दिसलं म्हणून खूश होऊ नये.

बाकीचे थोडक्यात. फॉस्फरस ५.५ च्या वर जाऊ देत नाहीत. पोटॅशियम फार चढलं तर हृदय बंद पडू शकतं, ते लगेचचं संकट. हिमोग्लोबिन १० ते ११.५ पुरे, १९९८ आणि २००६ च्या मोठ्या अभ्यासांत रक्त वाढवायची इंजेक्शनं देऊन १३ च्या पुढं न्यायला गेल्यावर फायदा दिसला नाही, उलट धोकाच वाढला.

पहिले तीन महिने सगळ्यात नाजूक. वय, शुगर, हृदयाचा आजार यांचा वाटाही मोठा असतो, त्यामुळं एका रिपोर्टवरनं कुणाचं आयुष्य ठरवू नये. अल्ब्युमिन रक्तात निम्मं व्हायला सुमारे तीन आठवडे लागतात म्हणून महिन्या-महिन्याचा आकडा वहीत लिहून कल बघावा, रक्त मशीन लावायच्या आधी घेतलेलं असावं. आणि अल्ब्युमिनची महागडी बाटली शिरेतून चढवली की आकडा चार दिवस बरा दिसतो, पण मूळ कारण, म्हणजे उपास किंवा इन्फेक्शन, तसंच राहतं.